खुणेचा काजू

आमच्या आईचा केक वाळूत व्हायचा. डोंबिवलीत तेव्हा जिकडेतिकडे बांधकामं चालू होती. तिथल्या ढिगातून मी आणि धाकटी बहीण पिशवीभर वाळू उचलून आणायचो. आई ती चाळायची, चार पाण्यांनी धुवायची, गच्चीत वाळवायची आणि एका पोचे आलेल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तीन बोटं भरायची. पातेलं रॉकेलच्या स्टोव्हवर. वाळू चांगली तापली की तिच्यात केकचा डबा रोवायचा, वर झाकण, झाकणावर वरवंटा. मग तासभर आत काय चाललंय ते कुणालाच कळायचं नाही. आईची सगळी भिस्त नाकावर. वास आला की स्टोव्ह बारीक, वास खमंग झाला की विणकामाची सुई खुपसून बघायची, सुई कोरडी निघाली की पातेलं खाली. त्या केकला पुसटसा रॉकेलचा वास असायचा. पुढे पुष्कळ चांगले केक खाल्ले, पण तो वास पुन्हा कुठे भेटला नाही, आणि भेटला नाही तेच बरं.

आजी रत्नागिरीकडची. पहिल्यांदा हा खटाटोप पाहून ती म्हणाली, "ह्यात नवं ते काय? हे आपलं धोंडसच की." आजीचं धोंडस भाद्रपदातलं. पिकून पिवळं पडलेलं मोठं तवसं किसायचं, त्यात भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, वेलची, चवीपुरतं मीठ. जाड बुडाच्या टोपात तळाशी हळदीची पानं घालून त्यांवर हे मिश्रण ओतायचं; चुलीत निखारे आणि झाकणावरही निखारे. खालून धग, वरून धग, एवढंच काय ते ओव्हनचं शास्त्र. धोंडस निवलं की त्याच्या वड्या पडायच्या आणि वाडीतल्या घराघरांत जायच्या. घेणाऱ्याला काही विचारावं लागायचं नाही. तवसं, गूळ आणि तांदूळ कुणाला चालत नाहीत? आईच्या डब्यात मात्र अंडं होतं. आजीने केकला धोंडसाच्या पंक्तीत बसवलं खरं, पण तोंडात कणभरसुद्धा घातला नाही.

आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर वसईच्या काकू, ख्रिस्ती, बोलणं वाडवळी वळणाचं, नाताळात त्यांच्याकडून येणाऱ्या केकात महिनोन्‌महिने रममध्ये मुरलेल्या मनुका असायच्या आणि आई दर वर्षी विचारायची, "दारू किती हो?" काकू दर वर्षी सांगायच्या, "चमचाभर," आणि आई तेवढ्या उत्तरावर निर्धास्त होऊन दोन तुकडे खायची. पहिल्या मजल्यावर कच्छी जैन कुटुंब. तिथल्या बाईंना सगळी इमारत नुसतं 'बेन' म्हणायची. शिवाय एक सोलापूरचं लिंगायत घर, दोन सीकेपी, एक मालवणी, बाकी आमच्यासारखे, म्हणजे घरात अंडं चालतं पण ते कागदाच्या पुडीत, पुडी पिशवीत आणि पिशवी भाजीखाली घालून आणायचं असतं, ह्या पंथाचे.

ह्या सगळ्यांना केक द्यायचा तर एक केक पुरायचा नाही. म्हणून आई दोन करायची. आधी बिनअंड्याचा, मग अंड्याचा. हा क्रम चुकवायचा नाही. डबा एक, पातेलं एक, सुई एक. तेव्हा अंडं लागलेल्या डब्यात बेनचा केक भाजला असं होता कामा नये. आई त्याला हसत 'सोवळ्यातला केक' म्हणायची, पण क्रम मात्र सोवळ्याइतकाच पाळायची. त्यात दही आणि खाण्याचा सोडा. दह्याची आंबट संगत मिळाली की सोडा फसफसायला लागतो, आणि तो फसफसाट निवायच्या आत मिश्रण तापलेल्या वाळूत गेलं पाहिजे, नाहीतर केकची भाकरी होते. त्यामुळे सोडा पडल्यावर आईशी कुणी बोलायचं नाही. बिनअंड्याचा केक पांढुरका दिसतो, गरिबाघरचा वाटतो, म्हणून ती त्यात चिमूटभर जिलबीचा रंग घालायची. दोन्ही केक शेजारी ठेवले की जुळे भाऊ दिसत.

आता जुळ्यांत ओळख पटायची कशी? तर काजू. बिनअंड्याचा केक वाळूत जाण्याआधी आई त्यावर काजूच्या पाकळ्या गोल मांडायची, अशा बेताने की कापल्यावर प्रत्येक तुकड्यावर एकेक पाकळी यावी. काजू आजोळहून आलेले, डब्यात जवळजवळ मोजून ठेवलेले. अंड्याच्या केकवर काजू नाही. ही खूण साऱ्या इमारतीला माहीत होती. बेनना तर आईने पहिल्याच वेळी समजावून सांगितलं होतं: काजू असला तर तुमचा.

लाडू आणि केक ह्यांत मला नेहमी एक फरक वाटत आला आहे. लाडू वळतानाच वाटला गेलेला असतो. डब्यात वीस लाडू म्हणजे वीस वाटे, सगळे मुठीच्या मापाचे, भांडण नाही. केक मात्र अख्खा जन्माला येतो. त्याचे वाटे कुणीतरी हातात सुरी घेऊन पाडायचे असतात आणि त्या सुरीला माणसांची उतरंड बरोबर कळते. मी पुढे पस्तीस वर्षं बँकेत काढली. दर महिन्याला कुणाचा ना कुणाचा केक टेबलावर यायचा. साहेबांच्या वाट्याला मलईचं गुलाबाचं फूल, आणि जो शिपाई भर उन्हात दुकानात जाऊन खोकं सांभाळत घेऊन आला, त्याच्या वाट्याला पुठ्ठ्याला चिकटून राहिलेला चुरा. सुरी कुणाच्याही हातात असो, हे असंच व्हायचं. माझ्या हातात होती तेव्हाही झालं आहे. लाडवांच्या बाबतीत असं करायचं म्हटलं तरी जमत नाही.

म्हणूनच असेल, केक विकत आणायची पाळी आली की माझा ओढा मावा केककडे. मुठीएवढा, कागदी वाटीत बसलेला, माणशी एक. केकने घेतलेली ती लाडवाची दीक्षाच. नोकरीच्या सुरुवातीला मी ग्रँट रोडला होतो. स्टेशनसमोरचं मेरवान हे १९१४ सालचं इराणी हॉटेल. तिथले मावा केक सकाळीच संपत, म्हणून गाडीतून उतरल्याबरोबर आधी तिकडे वळायचं आणि मग बँकेत. बदली होऊन पुण्याला गेलो तर तिथे ईस्ट स्ट्रीटवर कयानी, १९५५ सालची. तिथे लोक श्रूजबेरी बिस्किटांसाठी रांग लावतात आणि मावा केकला दुय्यम मानतात. हा पुणेकरांचा एकूण हिशेबच मला कधी कळला नाही. मजा अशी की बाकी वेळा अंड्याची चौकशी करणारे कितीतरी लोक इराण्याच्या केकला तो प्रश्न विचारत नसत. इराण्याकडचं ते बेकरीतलं, एवढीच त्याची जात.

पण मी काजूबद्दल सांगत होतो.

१९७५ चा डिसेंबर, माझा दहावा वाढदिवस. सगळ्यांकडे ताटल्या पोचवायचं काम माझं. आईने दोन ताटल्या हातांत दिल्या, प्रत्येकीत चार तुकडे, वर क्रोशाचे रुमाल. उजव्या हातातली काकूंची, डाव्या हातातली बेनची. "आधी बेनकडे जा, त्या सूर्य मावळल्यावर काही खात नाहीत," असं बजावून तिने मला बाहेर काढलं. डिसेंबरातला दिवस, जिन्यात अंधारून आलेलं, वळणावरचा दिवा गेलेला. त्या वळणावर मी थांबलो. दोन्ही ताटल्या पायरीवर ठेवल्या, डावीकडचा रुमाल उचलला आणि एक पाकळी खाल्ली. भाजलेला काजू, खालच्या बाजूला केकचा थोडा गोडवा चिकटलेला. मग दुसरी. एक पाकळी काढलेली दिसेल, सगळ्याच काढल्या तर दिसणार नाही, असं त्या वेळी मला वाटलं आणि ते फार हुशारीचं वाटलं. चारही खाऊन झाल्या, तोच वरून कुणीतरी चपला वाजवत खाली यायला लागलं. मी घाईघाईने रुमाल टाकला, ताटल्या भिंतीशी सरकवल्या, उठून उभा राहिलो. वरचे सोलापूरचे आजोबा होते. ते गेल्यावर मी खाली वाकलो आणि मला कळेना, ह्यांतली डावी कोणती.

दोन्ही रुमाल उचलून पाहिले. दोन्हींतले तुकडे पिवळे, वरचं कवच तडकलेलं, जागोजागी खळगे. नाकाजवळ नेले, दोन्हींना व्हॅनिलाच्या इसेन्सचा वास आणि थोडा रॉकेलचा. परत घरी जाऊन विचारावं तर काजूंचं काय सांगायचं? शेवटी मी एक ताटली उचलली आणि ती बेनची आहे असं ठरवून टाकलं.

बेननी दार उघडलं. रुमाल बाजूला केला, ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दीकरा, ईंडू तो नथी ने?"

त्यांनी ह्याआधी हे कधीच विचारलं नव्हतं. मी मान हलवली. नाही. त्यांनी ताटली आत नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताटली परत आली, रिकामी नाही, कारण रिकामी ताटली परत करायची नाही हा नियम त्यांच्याकडेही होता. तिच्यात घरचे खाखरे होते. मी महिनाभर पहिल्या मजल्यावरून जाताना पायऱ्या दोन-दोन करून उतरत होतो. काही झालं नाही. बेन पूर्वीसारख्याच हसायच्या. पुढच्या पर्युषणात त्यांचा आठ दिवसांचा उपवास होता. आई मला त्यांची विचारपूस करायला घेऊन गेली आणि मी दारातच उभा राहिलो, आत गेलो नाही. फक्त उकळून गार केलेलं पाणी पिऊन आठ दिवस राहिलेली ती बाई भिंतीला टेकून बसली होती, आणि मला तिच्यापेक्षा त्या चार तुकड्यांचीच जास्त आठवण येत होती.

आल्फ्रेड बर्डची गोष्ट मला फार उशिरा कळली. तो इंग्लंडात बर्मिंगहॅमला औषधांचं दुकान चालवायचा. त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं आणि यीस्टही सोसत नव्हतं. कस्टर्ड तर अंड्याशिवाय होत नाही, म्हणून त्याने १८३७ मध्ये मक्याच्या पिठापासून बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली; आपण जिच्यात केळी-चिकू कापून घालतो आणि 'फ्रूट सॅलड' म्हणून पंगतीत वाढतो ती हीच. आणि यीस्टवाचून पाव फुलावा म्हणून १८४३ मध्ये बेकिंग पावडर. दह्याचा आंबटपणा सोड्याला बाहेरून द्यावा लागतो. ह्या पावडरीत आम्ल आधीच कोरडं मिसळलेलं असतं, ओलावा मिळेपर्यंत दोघं गप्प बसतात. एका बाईला खाता यावं म्हणून एका माणसाने दुकानात बसून केलेली ही खटपट. मला तो माणूस आईच्या जातकुळीतला वाटतो. ताटात काय वाढायचं हे ठरवताना आधी ताटापुढे कोण बसलंय ते पाहणारा.

आईचा काजू पुढे सरकारनेही उचलला. २००१ पासून खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर चौकोनातला हिरवा ठिपका आला, आणि अंडं असलं की तपकिरी खूण. पहिल्यांदा तो ठिपका पाहिला तेव्हा मला हसू आलं. आई आमच्या जिन्यापुरती हे पंचवीस वर्षांहून आधीपासून करत होती, आणि तिची खूण खाता येत होती. हाच तिच्या खुणेतला दोष.

हल्ली तर प्रश्नच उरलेला नाही. सोसायटीच्या ग्रुपवर वाढदिवस जाहीर झाला की कुणीतरी लिहितं, 'एगलेसच मागवा, सगळ्यांना चालतो.' सगळ्यांना चालतो हे खरं. पण सगळ्यांना चालणारा केक कुणा एकासाठी केलेला नसतो, असं मला उगाचच वाटतं. शिवाय तो खाण्यासाठी असतो की तोंडाला फासण्यासाठी, ह्याचाही भरवसा राहिलेला नाही. मागे आमच्याकडे एका मुलाचा अठरावा वाढदिवस झाला. एक किलोच्या केकातला पाऊण किलो त्याच्या केसांतून आणि लिफ्टच्या दारावरून पुसून काढावा लागला. म्हातारा झालो म्हणून चिडतो असं घरचे म्हणतात. म्हणोत. वाळू धुऊन केलेला केक ज्यांनी खाल्ला आहे त्यांनी थोडं चिडायला हरकत नाही.

आईला मी ती गोष्ट सांगितली तेव्हा तिने सत्तरी ओलांडली होती. डोंबिवलीची जागा सुटली होती, बेन मुलाकडे मुलुंडला गेल्या होत्या आणि पुढे तिकडेच वारल्या. एका दुपारी शेंगा सोलता सोलता मी सगळं सांगून टाकलं. काजू, अंधार, सोलापूरचे आजोबा, मान हलवली ते. मला वाटलं, आई हसेल, किंवा रागावेल. ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "काजू काढलास. पण खाच कुठे जाते?"

"कसली खाच?"

"अरे, काजू घालून भाजलेला केक. काजू काढला तरी खाली खाच राहते. बेनना दिसली असणार."

एवढं बोलून तिने पाखडायला सूप घेतलं.

तिला ते सुटलेलं कोडं वाटलं. माझ्यासाठी मात्र तिथून नवंच सुरू झालं. खाच दिसली असती तर बेननी विचारलं असतं का? खाच दिसली, काजू दिसला नाही, म्हणून विचारलं? मग ते विचारणं माझी गंमत म्हणून होतं. पोराने काजू खाल्ले हे त्यांनी ओळखलं असणार. की खाच नव्हतीच, ताटली दुसरीच होती, आणि त्या दहा वर्षांच्या पोराच्या मानेवर विश्वास ठेवून त्यांनी ती आत नेली? की आत नेली आणि खाल्लीच नाही, मोलकरणीला देऊन टाकली, आणि आईला वाईट वाटू नये म्हणून खाखरे पाठवले? तिन्ही गोष्टी बेनना शोभण्यासारख्या आहेत. त्यामुळे त्यांच्या स्वभावावरूनही निकाल लागत नाही.

निवृत्त झाल्यावर मी केक करायला शिकलो. बायको म्हणते, हे खूळ आहे. आता ओव्हन आहे, त्याला काचेचं दार आहे, आत दिवा आहे. आईला तासभर जे दिसत नव्हतं ते सगळं मला खुर्ची टाकून बघता येतं. केक आधी कडेने वर येतो, मधला भाग मागाहून, आणि शेवटी माथ्यावर तडा जातो. एका दुपारी घरात कुणी नसताना मी आईच्या मापाने दह्याचा केक केला, वर पाकळ्या मांडल्या. पूर्ण निवल्यावर एक पाकळी नखाने उचलली. खाच होती. काजूच्याच आकाराची, चंद्रकोरीसारखी, आणि कवचाचा रंग तपकिरी असताना तेवढीच जागा फिकट, ओलसर, मऊ. उजेडात तर ती स्वच्छ दिसत होती. मग मी संध्याकाळ होईपर्यंत थांबलो, दिवा न लावता पुन्हा पाहिलं. दिसत नव्हती. बोटाने चाचपली तेव्हा कळली. म्हणजे मी त्या दिवशी बोट फिरवलं असतं तर मला कळलं असतं. तेवढं सुचलं नाही.

सध्या आमच्या खालच्या मजल्यावर एक नवं कुटुंब आलंय. त्यांच्या पाच वर्षांच्या मुलीला काजू-बदाम चालत नाहीत. चालत नाहीत म्हणजे आवडत नाहीत असं नव्हे, तिचा घसा सुजतो, दवाखाना गाठावा लागतो. अंडं मात्र तिला चालतं. तिच्या आईने हे सांगितलं तेव्हा मी घटकाभर गप्पच झालो. ज्या काजूला आमच्या जिन्यात 'निर्धास्त खा' असा अर्थ होता, तो आता डब्यातूनही बाहेर काढायचा. मी कपाट आवरलं, डबे धुतले, मैद्याचं नवं पाकीट आणलं, त्यावरचं बारीक अक्षर भिंग लावून वाचलं. दोन केक करायची पद्धत तर मी कधीच सोडली आहे. एकच करतो, आणि तो सगळ्यांत जास्त पथ्य असलेल्या माणसाच्या हिशेबाने.

तरी परवा तुकडे ताटलीत मांडले तेव्हा ते उघडेबोडके वाटले. म्हणून तिच्या आईला फोन करून विचारलं, मनुका चालतात का? चालतात म्हणाली. मग प्रत्येक तुकड्यावर एकेक मनुका बसवली आणि वर रुमाल टाकला. तो क्रोशाचाच आहे, आईच्या हातचा, एका कोपऱ्यात उसवलेला.

नातू आला होता. नऊ वर्षांचा आहे. त्याच्या हातात ताटली दिली आणि सांगितलं, सरळ खाली जा, लिफ्ट नको, जिन्याने जा. तो निघाला. मी दार लावलं नाही, उंबऱ्यातच उभा राहिलो. त्याची पावलं खाली खाली जात होती. वळणावर ती थांबली.

मी श्वास धरून उभा होतो. थोड्या वेळाने पावलं पुन्हा सुरू झाली.